दूरशिक्षण, महाविद्यालयीन

अध्यापक आणि विद्यार्थी एका ठिकाणी व बहुधा एका वेळी उपस्थित नसताना, मुद्रित साहित्य, टपाल, नभोवाणी, दूरचित्रवाणी किंवा संगणकीय जालक अशा एखाद्या माध्यमाच्या द्वारे पदवी व पदविका या स्तरांवर दिल्या जाणाऱ्या शिक्षणास महाविद्यालयीन दूरशिक्षण म्हणतात. बहिःस्थ परीक्षा, पत्रद्वारा शिक्षण, मुक्त विद्यापीठ आणि ऑनलाइन शिक्षण ही त्याची स्थूलमानाने कालक्रमाने आलेली चार प्रमुख रूपे होत. माध्यम कोणतेही असले, तरी या शिक्षणाची फलनिष्पत्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली सुलभता : पाठ्यसाहित्य विद्यार्थ्याच्या हाती पडणे, आणि त्याची दृष्टी, श्रवण, हालचाल, भाषा व साधने जशी असतील तशा स्थितीत ते त्याला वापरता येणे. दुसरी साहाय्य : अडलेल्या ठिकाणी विचारता येणे, लिहिलेले तपासून परत मिळणे आणि मध्येच गळून पडण्यापूर्वी कोणाचे तरी आपल्याकडे लक्ष जाणे. साहाय्याचे महत्त्व या शिक्षणाच्या आरंभापासून ज्ञात होते, मात्र खर्चाच्या विचारात त्याची वारंवार उपेक्षा झाली. सुलभतेचा शास्त्रशुद्ध विचार त्या मानाने अलीकडचा आहे. प्रस्तुत नोंदीत दूरशिक्षणाच्या इतिहासाचा या दोन अंगांनी परामर्श घेतला असून, महाराष्ट्रातील परिस्थिती स्पष्ट करण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या औद्योगिक शहराचे उदाहरण घेतले आहे.

उगम : १८४० साली इंग्लंडमध्ये एक पेनी दराची टपालव्यवस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी आयझाक पिटमन यांनी टपालाने लघुलेखनाचे पाठ देण्यास प्रारंभ केला. पिटमन यांचे विद्यार्थी पाठ लिहून परत पाठवीत व त्यांतील चुका दुरुस्त होऊन ते त्यांना पुन्हा मिळत. केवळ पाठ पाठविणे म्हणजे पुस्तकविक्री होय. परतीच्या टपालाने त्याला शिक्षणाचे स्वरूप आले. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून महाविद्यालयात न शिकलेल्या उमेदवारांना आपल्या पदवी परीक्षा खुल्या केल्या. या बहिःस्थ पद्धतीत विद्यापीठ परीक्षा घेई, परंतु शिकविण्याची जबाबदारी पतकरीत नसे. पुढे भारतातील विद्यापीठांनी बहिःस्थ विद्यार्थ्यांना जी सवलत दिली, तिच्यातही हाच गुण व हाच दोष उतरला : दार उघडे झाले, पण आत वाट दाखविणारे कोणी नव्हते.

ब्रिटनमध्ये १९६९ साली राजसनद मिळालेल्या व १९७१ पासून अध्यापन सुरू करणाऱ्या मुक्त विद्यापीठाने ही उणीव भरून काढली. पूर्वशिक्षणाची अट शिथिल करून तेथे मुद्रित पाठ, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या जोडीला प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक देण्यात आला. याच सुमारास दूरशिक्षणाची तात्त्विक मांडणीही होऊ लागली. स्वीडनचे बर्ये होल्मबर्ग यांनी उत्तम पाठ हे विद्यार्थ्याशी केलेले मार्गदर्शनपर संभाषण असते, असे प्रतिपादन केले. मायकेल मूर यांच्या मते दूरशिक्षणातील खरे अंतर मैलांचे नसते. संवाद जितका कमी व अभ्यासक्रमाची चौकट जितकी ताठर, तितके ते वाढते. डेव्हिड स्यूअर्ट यांनी १९७८ साली विद्यार्थ्याविषयीची आस्था प्रवेशापासून शेवटपर्यंत अखंड राहिली पाहिजे, हा विचार मांडला. पाठ्यसाहित्य कितीही परिपूर्ण असले, तरी प्रत्येक विद्यार्थ्याची अडचण आधी ओळखून त्यात लिहिता येत नाही, हे त्यामागील कारण होय.

महाराष्ट्रातील आरंभ : महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने (पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ) मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम स्वीकारले, तसेच घरी राहून अभ्यास करणाऱ्या स्त्रियांनाही परीक्षेस बसण्याची वाट मोकळी ठेवली. संसारात गुंतलेल्या स्त्रीस महाविद्यालयात येता येत नसेल, तर तिच्या सोयीने नियम वाकले पाहिजेत, ही दृष्टी या धोरणामागे होती. सुलभता हा शब्द प्रचारात नसतानाही त्यातील आशय येथे दिसतो : उणीव विद्यार्थिनीत नसून ती व्यवस्थेत आहे आणि बदलावयाचे ते व्यवस्थेने.

पत्रद्वारा पदवी शिक्षणाचा भारतातील पहिला प्रयोग दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली केला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) या पद्धतीचा विस्तार करावा, अशी शिफारस केली. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षणाचे स्वतंत्र संचालनालय स्थापन केले. याच संस्थेचे पुढे दूर व मुक्त अध्ययन संस्थेत आणि अलीकडे दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्रात रूपांतर झाले. नोकरी सांभाळून वाणिज्य वा कला शाखेची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या मुंबई व आसपासच्या जिल्ह्यांतील तरुणांना तिचा मोठा आधार झाला. महिला विद्यापीठानेही १९७९ पासून दूरशिक्षणाचे संघटित काम हाती घेतले.

भिवंडीची परिस्थिती : भिवंडी हे ठाण्याच्या ईशान्येस कामवारी नदीकाठी वसलेले यंत्रमागाचे शहर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू या भाषा येथे नित्य कानी पडतात. यंत्रमागावरील काम बहुधा बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालते. अलीकडे शहराभोवती गोदामांचे विस्तीर्ण पट्टे उभे राहिले असून तेथील कामही पाळ्यांतच चालते. मुंबई उपनगरी रेल्वेच्या मुख्य मार्गांवर हे शहर नाही. भिवंडी रोड हे स्थानक दिवा–वसई मार्गावर आहे. त्यामुळे ठाणे, कल्याण किंवा मुंबई येथील महाविद्यालयांत जाणाऱ्यांचा बराच वेळ रस्त्यावर जातो.

शहरात १९६६ साली बी. एन. एन. महाविद्यालय आणि १९८९ साली जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय सुरू झाल्याने उच्च शिक्षणाची सोय जवळ आली. तथापि दिवसा वर्गात बसू शकणाऱ्यांपुरताच तिचा लाभ मर्यादित होता. मागावरचा कामगार, कांड्या भरण्याचे काम घरी करणारी स्त्री, दहावीनंतर घरीच राहिलेली मुलगी, गोदामातील हमाल आणि जिन्याच्या घरातून एकट्याने बाहेर पडू न शकणारा दिव्यांग तरुण हे या व्यवस्थेच्या बाहेर राहत. दूरशिक्षणाची गरज ज्यांना सर्वाधिक, असा समाज कसा असतो, हे येथे एकत्र पाहावयास मिळते.

मुक्त विद्यापीठ : आंध्र प्रदेशात १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ साली दिल्ली येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. महाराष्ट्र शासनाने १९८९ च्या विसाव्या अधिनियमान्वये १ जुलै १९८९ रोजी नासिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन केले. शिक्षणतज्ज्ञ राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य आहे. शालेय प्रमाणपत्र हाती नसलेल्या प्रौढांसाठी या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला. तो पूर्ण करून अनेकांनी पदवीकडे वाटचाल केली.

या विद्यापीठाने मराठीत दूरशिक्षणाची एक परिभाषाच रूढ केली. अभ्यासक्रमास शिक्षणक्रम, अध्यापकास समंत्रक, वर्गास संपर्कसत्र आणि स्थानिक केंद्रास अभ्यासकेंद्र अशा संज्ञा वापरात आल्या. ‘समंत्रक’ ही संज्ञा विशेष अर्थपूर्ण आहे. शिकविण्याचे काम पुस्तकाने करावयाचे आणि समंत्रकाने विद्यार्थ्याच्या शेजारी बसून सल्ला द्यावयाचा, अशी ही श्रमविभागणी होती. पुस्तके स्वयं-अध्ययनासाठी लिहिली जात : प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मजकुरात ठिकठिकाणी स्वतःस तपासण्याचे प्रश्न व अखेरीस सारांश. अस्तित्वात असलेल्या महाविद्यालयांच्याच इमारतींत रविवारी व सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रे भरत. त्यामुळे नवीन इमारतींचा खर्च वाचला आणि साहाय्य विद्यार्थ्याच्या गावापर्यंत पोचले. जेथे समंत्रक नियमाने येत व गृहपाठ वेळेवर तपासून परत देत, तेथे विद्यार्थी टिकत. जेथे केंद्र म्हणजे केवळ अर्ज भरण्याची व पुस्तके वाटण्याची खिडकी झाली, तेथे बहिःस्थ पद्धतीचाच जुना दोष नव्या नावाने परतला.

या काळात भाषिक सुलभतेचा एक महत्त्वाचा टप्पा १९९८ साली आला. त्या वर्षी हैदराबाद येथे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन झाले व त्याने दूरशिक्षणापासूनच कार्यास आरंभ केला. उर्दू माध्यमातून शालेय शिक्षण झालेल्यांना पदवी स्तरावर भाषा बदलल्यामुळे जो अडथळा येई, त्यावर हा एक मार्ग होता. भिवंडीसारख्या शहराच्या दृष्टीने ही घटना मुक्त विद्यापीठाच्या स्थापनेइतकीच महत्त्वाची म्हणावी लागेल.

दूरचित्रवाणी व संगणक : विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट उपग्रहाच्या साहाय्याने १५ ऑगस्ट १९८४ रोजी उच्च शिक्षणासाठी देशव्यापी वर्ग हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला. पुणे येथील शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्र हे त्यासाठी कार्यक्रमनिर्मिती करणाऱ्या संस्थांपैकी एक होय. कार्यक्रम दर्जेदार असत, परंतु ते प्रामुख्याने इंग्रजीत व ठराविक वेळी प्रक्षेपित होत. पाळीवर असलेल्या विद्यार्थ्याला ते पाहता येत नसत आणि प्रश्न विचारण्याची सोय कोणालाच नव्हती. शिक्षणास वाहिलेला एज्युसॅट हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी सोडण्यात आला. त्याने दुहेरी संवादाची काही सोय केली, तथापि ती ग्राहककेंद्रांपुरती मर्यादित होती.

महाराष्ट्रात संगणक-साक्षरतेचा प्रसार २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने मोठ्या प्रमाणावर केला. त्याच दशकात भारतीय प्रौद्योगिकी संस्था व भारतीय विज्ञान संस्था यांनी अभियांत्रिकी विषयांची व्याख्याने संगणकीय जालकावर सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिली. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांनी अमर्याद प्रवेशसंख्येचे खुले ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले. त्यांत लक्षावधींनी नावे नोंदविली, पण अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सामान्यतः दशांशाच्या आसपासच राहिले. भारत सरकारने ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील प्रत्येक अभ्यासक्रमाची चार अंगे असतात : दृक्‌श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक या मार्गाने मिळविण्याची मुभा विद्यापीठांना देण्यात आली. मुक्त व दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण यांना एकत्रितपणे लागू होणारे आयोगाचे विनियम सप्टेंबर २०२० मध्ये प्रसृत झाले.

टाळेबंदीचा काळ : कोव्हिड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये राज्यातील महाविद्यालये बंद झाली व ती सर्वसाधारणपणे ऑक्टोबर २०२१ पर्यंत पूर्ववत भरू शकली नाहीत. ज्यांनी दूरशिक्षण निवडले नव्हते, अशा सर्वांवर ते एकाएकी आले. अध्यापकांनी वर्गातील तासच जसाच्या तसा दूरध्वनीच्या पडद्यावर आणला. स्वयं-अध्ययनासाठी साहित्य लिहिणे, गृहपाठ परत करणे, समंत्रण करणे ही पन्नास वर्षांत कमावलेली तंत्रे बहुतेक महाविद्यालयांना अपरिचित होती. दूरशिक्षण संस्थांचा अनुभव आणि नियमित महाविद्यालये यांच्यात देवघेव नव्हती, ही उणीव या प्रसंगी उघड झाली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्या पाहिजेत, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी कायम केला आणि त्या वर्षी राज्यातील विद्यापीठांनी मोठ्या प्रमाणावर बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या.

साधनांची विषमता या काळात प्रकर्षाने जाणवली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पंचाहत्तराव्या फेरीनुसार (२०१७–१८) देशातील नागरी कुटुंबांपैकी सुमारे ४२ टक्के व ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक असलेल्या कुटुंबांचे प्रमाण नागरी भागात २३ टक्क्यांच्या, तर ग्रामीण भागात ४ टक्क्यांच्या आसपास होते. यंत्रमागाच्या वस्तीत एका खोलीत अनेक माणसे, घरात मिळून एक दूरध्वनी व भिंतीपलीकडे मागांचा अखंड खडखडाट अशी स्थिती असल्यास दुपारी ठीक दोन वाजता थेट तासाला हजर राहणे ही अट किती जड पडते, हे सांगावयास नको. विजेचा प्रश्न मात्र भिवंडीत तुलनेने आधीच सुधारला होता. २००७ साली शहराचे वीजवितरण खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आले व देशातील अशा आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते.

सुलभतेचा कायदा व मानके : दिव्यांग व्यक्तींना दूरशिक्षण सोयीचे पडते, असा सार्वत्रिक समज आहे. घराबाहेर न पडता शिकता येते, एवढ्यापुरता तो खरा आहे. परंतु मुद्रित पाठ अंध विद्यार्थ्यास, ध्वनिमुद्रित पाठ कर्णबधिर विद्यार्थ्यास आणि घाईने उत्तरे टिपावयाची परीक्षा हातांत दोष असलेल्या विद्यार्थ्यास निरुपयोगी ठरते. म्हणजे प्रत्येक नवे माध्यम काहींना आत घेते, तेव्हाच इतर काहींना बाहेर ठेवते. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाने ब्रेल पुस्तके व बोलकी पुस्तके यांच्या द्वारे ही उणीव काही अंशी भरून काढली. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिबाधितांसाठी साधनकेंद्र सुरू झाले व तंत्रज्ञानाच्या आधारे सर्वसाधारण महाविद्यालयात अंध विद्यार्थी बरोबरीने शिकू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

कायद्याच्या क्षेत्रात २०१२ साली स्वामित्वहक्क अधिनियमात झालेली दुरुस्ती महत्त्वाची आहे. तिच्यामुळे दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकांचे रूपांतर करणे हा हक्कभंग ठरेनासा झाला. याच विषयावरील २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होय (२०१४). दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद केली आणि ध्वनी, मुद्रण व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुलभ स्वरूपात असावा, असे बंधन घातले. लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे अधिक वेळ देण्याविषयी केंद्र शासनाचे मार्गदर्शक नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात सुलभतेची किमान मानके केवळ शिफारसवजा न राहता बंधनकारक असावीत, असे सांगितले आणि ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. शिक्षणक्रमाची सुलभता ही त्यामुळे संस्थेच्या उदारतेची बाब उरली नाही.

जालकावरील आशयाच्या सुलभतेची आंतरराष्ट्रीय मानके प्रथम १९९९ साली प्रसृत झाली. २००८, २०१८ व २०२३ या वर्षी त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. आशय इंद्रियांना जाणवण्याजोगा, हाताळता येण्याजोगा, समजण्याजोगा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकून राहणारा असावा, ही त्यांची चार मूलतत्त्वे होत. अमेरिकेत १९८४ साली स्थापन झालेल्या कास्ट या संस्थेने पुढे सार्वत्रिक अध्ययन-रचनेची कल्पना मांडली. वास्तुशास्त्रात पायऱ्यांशेजारी उतरण बांधली, म्हणजे चाकाच्या खुर्चीबरोबरच बाबागाडी व हातगाडी यांचीही सोय होते. त्याच न्यायाने आशय अनेक रूपांत मांडला, उत्तर देण्याचे अनेक मार्ग ठेवले व रस टिकविण्याचे अनेक उपाय योजले, तर सर्वांचाच लाभ होतो, असे हे प्रतिपादन आहे.

देवनागरीविषयक अडचण : मराठी अभ्यासक्रमांपुढे एक विशेष प्रश्न उभा राहिला. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली ही अक्षरांची आकृती पाहत नाही, तिच्यामागील सांकेतिक क्रमांक वाचते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तथापि मुद्रणव्यवसायात दीर्घकाळ अशा टंकांचा वापर होत राहिला, की ज्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. असा मजकूर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो, परंतु स्क्रीन रीडर तो रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी म्हणून वाचतो. छापील पुस्तकाची पाने छायाचित्राप्रमाणे टिपून चढविली, तर तेथे वाचण्याजोगे काहीच नसते. मराठीतील पुष्कळ शैक्षणिक साहित्य या दोन प्रकारांत मोडत असल्याने त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे सुलभतेचे पहिले व सर्वांत स्वस्त पाऊल ठरते. उर्दू साहित्याच्या बाबतीत नस्तालिक लिपीतील मजकूर चित्ररूपाने देण्याच्या प्रथेमुळे असाच अडथळा निर्माण होतो.

शिक्षणक्रमाची रचना : उपर्युक्त अनुभवावरून ऑनलाइन महाविद्यालयीन शिक्षणक्रमाच्या रचनेची काही तत्त्वे निश्चित झाली आहेत. मजकुराला खऱ्या शीर्षकांची उतरंड असावी, म्हणजे न पाहताही एका भागातून दुसऱ्या भागात जाता येते. प्रत्येक आकृतीस तिचा आशय सांगणारे वर्णन जोडावे. अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. केवळ रंगाने भेद दाखवू नये. प्रत्येक कृती कळफलकाने करता यावी. दृक्‌श्राव्य पाठाला मथळपट्टी व संपूर्ण लेखी संहिता असावी. कर्णबधिरांसाठी म्हणून योजलेली ही मथळपट्टी मागांच्या गोंगाटात आवाज ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यास, तसेच मराठी वा इंग्रजी ही दुसरी भाषा असणाऱ्यासही उपयोगी पडते.

माध्यमाची निवड करताना वजनाचाही विचार करावा लागतो. सेकंदास ६०० किलोबिट गतीने तासाभराचा दृक्‌श्राव्य पाठ सुमारे २७० मेगाबाइट भरतो. तोच पाठ सेकंदास ६४ किलोबिट गतीच्या ध्वनिमुद्रणात सुमारे २९ मेगाबाइट होतो. त्याच व्याख्यानाची सुमारे सहा हजार शब्दांची देवनागरी संहिता दीडशे किलोबाइटांच्या आत मावते. तीनही रूपे दिली, तर अंध विद्यार्थी ध्वनी, कर्णबधिर विद्यार्थी संहिता आणि पाळीवरून परतलेला कामगार त्याच्या दूरध्वनीला परवडेल ते रूप निवडू शकतो. थेट तास अधूनमधून अवश्य घ्यावेत, परंतु उत्तीर्ण होणे त्यांच्या उपस्थितीवर अवलंबून ठेवू नये. मुदती आधी जाहीर कराव्यात व त्यांत काही दिवसांची लवचिकता असावी. मूल्यमापनात लेखी, तोंडी व प्रकल्परूप असे पर्याय ठेवावेत; तथापि अपेक्षित ज्ञानाची पातळी सर्वांस समान राहावी. सुलभता म्हणजे अभ्यासक्रम सोपा करणे नव्हे, या दोहोंतील भेद न जाणल्याने दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पदवीकडे कमी लेखून पाहिले जाण्याचा धोका संभवतो.

साहाय्यव्यवस्था : साहाय्याचे शैक्षणिक, प्रशासकीय व वैयक्तिक असे तीन प्रकार करता येतात. शैक्षणिक साहाय्यात गृहपाठावरील लेखी अभिप्राय सर्वांत महत्त्वाचा मानतात. गुणांचा आकडा विद्यार्थ्यास तो कोठे आहे एवढेच सांगतो; अभिप्राय पुढे कसे जावे, हे सांगतो. प्रशासकीय साहाय्यात प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, लेखनिकाची परवानगी इ. बाबी येतात. संकेतस्थळावर अर्ज करता आला नाही म्हणून प्रवेश हुकणे ही गोष्ट ऑनलाइन युगात नवीन नाही आणि म्हणून प्रत्यक्ष बोलून काम होईल अशी एक जागा असणे आजही आवश्यक ठरते. वैयक्तिक साहाय्यात पहिल्या काही आठवड्यांतील लक्ष निर्णायक असते. पहिला गृहपाठ न देणारा विद्यार्थी पुढे गळण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी समंत्रकाने केलेला एक दूरध्वनी पुष्कळ काम करतो. शिकणाऱ्यांचे लहान गट करणे, त्यांतील एखाद्या अनुभवी विद्यार्थ्याकडे नव्यांची जबाबदारी देणे, स्थानिक ग्रंथालयात वा महाविद्यालयात शांत जागा व संगणक रात्री उशिरापर्यंत उपलब्ध करणे हे अल्पखर्ची उपाय होत. भिवंडीसारख्या ठिकाणी पाळ्यांच्या वेळा पाहून संपर्कसत्रे ठेवणे व मराठीबरोबर उर्दू, हिंदी किंवा तेलुगू जाणणारा समंत्रक असणे यांची भर त्यात घालावी लागते.

मूल्यमापन : दूरशिक्षणाच्या समर्थकांनी त्याच्या अल्पखर्चाचा व मोठ्या प्रवेशसंख्येचा, तर टीकाकारांनी कमी दर्जाचा व गळतीचा मुद्दा वारंवार मांडला आहे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. पाठ एकदा तयार झाला की तो हजारांना पुरतो. अभिप्राय मात्र प्रत्येकाला स्वतंत्र द्यावा लागतो. काटकसर करावयाची झाल्यास हात प्रथम अभिप्रायावर जातो आणि त्याची किंमत ज्याला दुसरा आधार नाही, तोच विद्यार्थी देतो. शहरी सुस्थित घरातील विद्यार्थी शिकवणी लावून ही उणीव भरून काढू शकतो, मागावरील कामगारास ते शक्य नसते. म्हणून दूरशिक्षण संस्थेचे यश किती जणांनी नावे नोंदविली यावरून न ठरविता, ज्यांच्यासाठी ती काढली त्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोचले व त्यांत स्त्रिया, कामगार आणि दिव्यांग किती होते, यावरून ठरविणे योग्य होय. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लक्ष दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. या संख्येच्या मानाने उच्च शिक्षणातील त्यांचा वाटा अल्प आहे. संगणकीय जालकाने पाठ पोचविण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा केला आहे. त्यामुळे वाचलेले द्रव्य व मनुष्यबळ सुलभ साहित्य आणि समंत्रण यांकडे वळविले, तर घरोघरी पोचलेली ही ज्ञानगंगा घरातील प्रत्येकास उपयोगी पडण्याची शक्यता निर्माण होईल.